मेकअप वाढला

मे महिन्यातली दुसरी पाळी होती. नागपुरात पारा 46 च्या घरात. मी ज्या औष्णिक केंद्रात डेस्क इंजिनिअर, म्हणजे कंट्रोल रूममधून युनिट चालवणारा आहे, तिथलं आमचं 210 मेगावॅटचं युनिट दुपारभर 120 वर चालवलं होतं. हल्ली हे रोजचंच झालंय. दुपारी सौर वीज भरपूर येते, तेव्हा आम्हाला लोड खाली घ्यायला सांगतात, आणि ऊन उतरायला लागलं की वर चढवायला.

सव्वाचारला लोड वाढवायची सूचना आली. चौथी कोळसा मिल, म्हणजे कोळसा दळणारी चक्की, घ्यायच्या तयारीत होतो, तेवढ्यात स्क्रीनवर मेकअपचा आकडा दिसला. बॉयलरचं पाणी फिरतं असतं. त्याची वाफ टर्बाइन फिरवते, कंडेन्सरमध्ये ती थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि परत बॉयलरला जाते. वाटेत थोडं कमी होतं, ताशी चार-पाच टन. तेवढं वरून घालावं लागतं, तो मेकअप. त्या दिवशी तो 14 वर गेला होता, आणि आयडी फॅनचे, म्हणजे बॉयलरमधला धूर ओढणाऱ्या पंख्याचे, अँपिअरही चढत होते. म्हणजे पाणी आत, धुराच्या वाटेवर कुठंतरी निसटत होतं.

डेस्क सोबत्याकडे दिला आणि लोकल ऑपरेटर भाऊंबरोबर वर गेलो. कठड्याला हात लावायची सोय नव्हती. भाऊंनी डोक्याचा दुपट्टा सोडून हाताला गुंडाळला, इकॉनॉमायझरच्या, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी धुरावर तापवणाऱ्या ट्यूबांच्या मॅनहोल दारापाशी कान नेला आणि डोळे मिटले. तीस वर्षं हे आवाज ऐकलेला माणूस.

"साहेब, शिट्टी वाजून राह्यली."

मीही कान दिला. पंख्यांच्या घरघरीखाली एक बारीक, न थांबणारा फूत्कार येत होता. ट्यूबांच्या आत चौरस सेंटिमीटरला 150 किलोच्या वर दाब असतो. अशी धार एका ट्यूबमधून सुटली की ती शेजारची ट्यूब कापते, मग ती तिसरीला.

खाली आलो तर शिफ्ट इन-चार्ज कळव्याशीच बोलत होते. कळवा म्हणजे आमच्या भाषेत राज्य भार प्रेषण केंद्र. संध्याकाळची मागणी तोंडावर, घराघरात कूलर चालू. रात्री दहापर्यंत कसंतरी ओढायचं, की आत्ताच बंद करायचं? मी बंद करा म्हटलं. आज पाच तास मिळवायला जाऊन पुढचे पाच दिवस घालवायचे नव्हते. त्यांनी दोन मिनिटं विचार केला, आणि मान्य केलं.

कमी लोडवर ज्योत टिकावी म्हणून तेलाच्या ऑइल गन पेटवल्या, एकेक मिल काढत लोड उतरवला. आमची शिकाऊ मुलगी शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "सर, मग ही वीज आता कोण देणार?"

फार चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, कोयना देईल. तिथं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून उतरतं आणि चाकावर पडतं. तापवायचं काही नाही, म्हणून यंत्र काही मिनिटांत लोड उचलतं. उरणला गॅस जाळून टर्बाइन फिरतं, आणि त्याच्याच तप्त धुरावर वाफ करून दुसरं. तारापूरला 1969 पासून अणू फोडून पाणी उकळतात, पण ते केंद्र एकसारखं चालण्यासाठी, असं धावून येण्यासाठी नाही. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही, आणि साडेसहानंतर ते आमच्या मदतीला नाही. आणि आपण? थंड पडलेलं युनिट पुन्हा बारवर घ्यायला, म्हणजे ग्रिडला जोडायला, दहा-बारा तास. जाड पोलाद एकसारखं तापेपर्यंत घाई केली तर यंत्र वाकेल.

ब्रेकर उघडून युनिट ग्रिडपासून तोडताना माझी नजर फ्रिक्वेन्सीवर होती; वीज कमी पडली की ती खाली येते. आकडा जागचा हलला नाही. 2013 च्या शेवटी दक्षिणेचं जाळं जोडलं गेल्यापासून सगळ्या देशाची ग्रिड एक आहे, आणि आमचं लोड त्यात चिमूटभर. तरी मला आत कुठंतरी लागलं. मी ज्याच्यावर इतका जीव टाकतो, ते युनिट गेलं आणि बाहेर कुणाला कळलंही नाही. मग मुलीकडे पाहिलं तर ती हसून म्हणाली, "म्हणजे कोयनेनं उचललं."

टर्बाइन मिनिटाला 3000 फेऱ्यांवरून उतरायला पाऊण तास लागला. मधल्या एका वेगाला पाया थरारतो, तेव्हा सगळे गप्प असतात. मग बारिंग गिअर धरलं. तापलेला शाफ्ट एका जागी थांबला तर स्वतःच्या वजनानं झोक खातो, म्हणून तो हळूहळू फिरत ठेवतात. रात्री घरी निघताना मी मुद्दाम खाली गेलो आणि त्याच्या फेऱ्या बघत उभा राहिलो.

भट्टी थंड झाल्यावर, तिसऱ्या दिवशी माणसं आत शिरली. आपल्या कोळशात राख 35-40 टक्क्यांवर असते. तीच उडत जाऊन ट्यूबा झिजवते, वळणावर जास्त. कापून काढलेला तुकडा भाऊंनी माझ्या हातात दिला. भोक ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि शेजारच्या दोन ट्यूबा विळ्यानं तासल्यासारख्या.

"अजून चार तास ओढलं असतं तं," भाऊ म्हणाले, आणि दुपट्ट्यानं तुकड्यावरची राख पुसू लागले.