भाऊंचा काळा दोरा

माघ लागला की तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या गावातून शेगावले पायदळ दिंडी निघते. माघ वद्य सप्तमी, म्हणजे गजानन महाराजांचा प्रकट दिन. 23 फेब्रुवारी 1878 ला महाराज शेगावात दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, ही गोष्ट आमच्याकडचं पोरगं शाळेत जायच्या आधी ऐकून असतं. माझा बाप या दिंडीत 28 वर्षं चालला. मी एकदाही गेलो नाही. दरवर्षी म्हणायचे, "येतं का बे?" आणि मी म्हणायचो, दुकान कोण पाहील? तालुक्याच्या गावी माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. यंदा त्याला चार दिवस कुलूप लावलं.

बापाला अख्खं गाव भाऊ म्हणायचं, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. कार्तिकात गेले. "वर्ष नाही सरलं, अन् हा कायले जाते?" आत्यानं विचारलं. आई एवढंच म्हणाली, "जाऊ द्या त्याले. डबी तं गेली पाह्यजे."

डबी म्हणजे जर्द्याची चपटी, रंग उडालेली पत्र्याची डबी. आत दोन सुया, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेला काळा दोरा, काडेपेटी, हळदीची पुडी. दिंडीत कोणाकडे वीणा, कोणाकडे पताका, कोणाकडे चहाचा गंज. भाऊंकडे फोड. मुक्कामाला पोचलं की लोक पाय धुऊन त्यांच्यासमोर रांगेनं बसायचे. सुई काडीवर तापवायची, दोरा ओवायचा, फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढायची आणि दोरा बोटभर दोन्हीकडे ठेवून तोडायचा. रातभर त्या दोऱ्यावाटे पाणी झिरपतं, कातडी जागेवर राहते, सकाळी चालता येतं. डॉक्टर मंडळी डोळे वटारतील, वटारू द्या.

आमची खरी दोस्ती झाली ती एसटीत. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, पूर्णेच्या दोन्ही अंगाचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. भाऊंची किडनी गेली तेव्हा डॉक्टरांनी बीपीचं नाव घेतलं, गावानं पाण्याचं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती चालते ते पाहायला रक्तात मोजतात ते, हा शब्द आमच्याकडे पारावरच्या म्हाताऱ्यालाही पाठ आहे. मग आठवड्यातून दोनदा अकोला. चार तास मशीनवर, बाकीचा दिवस जाण्यायेण्यात. तोवर आमचं बोलणं म्हणजे "जेवला का?" आणि "मोटर बंद केली का?" एवढंच. एसटीत खिडकीशी बसून ते सांगायला लागले. नागपूरला पहिल्यांदा सिनेमा पाहायला कसे पळून गेले, आईला पाहायला गेले तेव्हा चहा कसा सांडला, कपाशीच्या कर्जापायी एका रात्री विहिरीपर्यंत जाऊन परत कसे आले. हे शेवटचं त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. मी त्यांना माझ्या दुकानाची उधारी सांगितली, तीही मी बायकोला सांगितली नव्हती. परतीच्या गाडीत ते थकून माझ्या खांद्यावर झोपायचे. पाणी मोजून होतं. उन्हाळ्यात बर्फाचा तुकडा गालात धरायचे आणि म्हणायचे, "जनमभर खारं पेलो, आता गोड भेटलं तं मापानं."

तर, चालणं. पहिला दिवस काही वाटला नाही. पहाटे थंडी, हरभऱ्यावर दहिवर. दिंडीतले एक काका, भाऊंचे जुने सोबती, बांधावर थांबून पानांवर हात फिरवत आणि तळवा चाटत. "आंब हाय हे. पोटाले चांगली. तुहा बाप धोतराचं टोक फिरवून पिळून घ्याचा." मीही चाटून पाहिलं. आंबट, जीभ चरचरली. दुपारी मात्र डांबर तापलं आणि माझे नवे कोरे बूट बोलायला लागले. बाकी सगळे जुन्या चपलांत. कोणी काही म्हणालं नाही, पण पाहिलं सगळ्यांनी.

वरवट बकालला मुक्काम. वांग्याची भाजी, रोडगे, वरण. जेवण झालं, हरिपाठ झाला, आणि एक मावशी येऊन माझ्यासमोर पाय पसरून बसल्या. टाचेला रुपयाएवढा फोड.

"मावशी, मले नाही येत."

"डबी आणली ना? मंग?"

मी दिवसभर सर्किटवर डाग देणारा माणूस, केसाएवढी तार जागेवर बसवतो. त्या टाचेसमोर हात थरथरला. पाय किती जड असतो हे हातात घेतल्यावर कळतं. भेगांत काळी माती बसलेली, धुऊनही न निघालेली. पहिल्यांदा सुई वरच्यावर घसरली. काका टॉर्च धरून होते. ते म्हणाले, "आडवी धर. खाली नको दाबू. भाऊ त्या टायमाले काही तरी इचारत जाय, म्हणजे माणसाचं ध्यान नाही राहत."

मी विचारलं, "मावशी, यंदा कपाशी किती झाली?"

"कायची कपाशी रे बाप्पा, बोंडअळीनं..." आणि त्या सांगत राहिल्या, तेवढ्यात सुई पलीकडे निघाली. त्या रात्री अकरा पाय झाले. शेवटचा माझा स्वतःचा. तो काकांनी केला आणि करताना मला विचारलं, "दुकानाची उधारी फिटली का?"

म्हणजे भाऊंनी त्यांना सांगितलं होतं. मला राग यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी खिरोड्याच्या पुलावर दिंडी थांबली. पूर्णेत पाणी बेताचंच. इथं भाऊ दरवर्षी तेच सांगायचे, असं काका म्हणाले: वर्धा, वैनगंगा, पैनगंगा साऱ्या गोदावरीकडे जाते, हे आपली एकटीच मावळतीले, तापीले भेटाले. मग सगळ्यांनी हे वाक्य भाऊंच्या आवाजात म्हणून पाहिलं. एकालाही जमलं नाही. हसता हसता मावशींनी पदर डोळ्याला लावला आणि अभंग धरला.

शेगावात प्रकट दिनाची गर्दी काय सांगावी. पांढऱ्या कपड्यातले सेवाधारी "चला माऊली, चला माऊली" करत रांग हलवत होते. भुयारात समाधीपुढे मिळाले असतील चार क्षण. डबी खिशातून काढून पुढे धरावी असं घरून ठरवून निघालो होतो. गर्दीत हात खिशापर्यंत गेलाच नाही. बाहेर आल्यावर आठवलं.

दोरा संपत आला होता. बाजारातून नवं रीळ घेतलं आणि मावशींना दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"पांढरा कायले आणला? फोडाची कातडी पांढरी, दोरा पांढरा. रातच्याला टॉर्चीत दिसन का तुले?"

भाऊंनी काळाच का ठेवला होता, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. रीळ घेऊन परत गेलो. दुकानदार बदलून द्यायला तयार नव्हता. मग काळं वेगळं घेतलं.