अंधारात तिसरा कोण?

दिवाळी अंकांची कामं गणपतीच्या आधीच सुरू होतात. नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मुद्रितांचे गठ्ठे पडतात, मी लाल पेन घेऊन बसते, आणि अधूनमधून एखादी 'धीट' कथा हाती लागते. धीट म्हणजे काय, तर तिसऱ्या पानावर वीज जाते, बाहेर पाऊस असतो आणि निवेदक एकदम गंभीर होतो. 'तिच्या कमनीय देहावरून त्याची नजर फिरली.' व्याकरण चोख, शुद्धलेखनही. पण ही नजर कोणाची? त्याची म्हणावी, तर तो कथेत ज्युनिअर इंजिनिअर आहे. 'कमनीय' हा शब्द त्याने जन्मात उच्चारला नसेल. म्हणजे खोलीत तिसरंच कोणीतरी आहे. ते दोघं आपल्या नादात, आणि हा कोपऱ्यात उभा राहून पंचनामा लिहितोय.

कागदाच्या पाठीवर मी ते वाक्य तिच्या तोंडी घालून पाहिलं. 'दंडावरच्या लसीच्या वणावर त्याचा अंगठा थांबला आणि मला हसू आलं.' वीज गेलेलीच आहे, पाऊसही तोच. पण आता अंधार तिचा झाला. त्याच्या मनात काय चाललंय ते तिला जसं त्या अंगठ्यावरून ओळखावं लागतं, तसंच आपल्यालाही. शृंगारातली निम्मी गंमत या न कळण्यातच असते. सर्वज्ञ निवेदकाला सगळंच ठाऊक, त्यामुळे त्याला ओढ कशाचीच नसते. आणि ते हसू! 'तिला हसू आलं' असं लिहा, वाचक लगेच धास्तावतो: त्याला हसली की काय? 'मला हसू आलं' म्हटलं की त्यातली लाज, गुदगुल्या, थोडा धीर, सगळं आपसूक आलं.

मराठीत 'मी'च्या आड फार वेळ लपताही येत नाही. 'थांबले' म्हटलं की बाई, 'थांबलो' म्हटलं की पुरुष. 'मी हात धरला' एवढ्यावरून मात्र कोणी धरला ते कळत नाही, कारण तिथे क्रियापद हाताच्या मागे जातं. कसलेला लेखक एवढ्याशा फटीतून वाचकाला चार वाक्यं झुलवत ठेवील. माझ्या टेबलावर असा अजून आलेला नाही.

आपल्या मातीत ही विद्या जुनीच आहे. हाल सातवाहनाच्या नावावरची गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडी आहेत. एक घरधनीण वाटसरूला बजावते: इथे सासूबाई निजतात, इथे मी, उजेड आहे तोवर नीट बघून ठेव रे रातांधळ्या, नाहीतर रात्री आमच्या अंथरुणावर धडपडशील. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे शब्दांआडून सुचणाऱ्या अर्थाचा, विचार मांडताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. शब्दांत मनाई, सुचतं ते आमंत्रण. आता हेच तिसऱ्या पुरुषात सांगून बघा. 'तिने वाटसरूला आपली निजायची जागा दाखवली.' संपलं. उरली नुसती वर्दी. मला तर वाटतं, बोलणारीइतकीच तिथे ऐकणारीही महत्त्वाची. सासूच्या कानावर पडणार असं धरूनच हे सगळं बोललंय. सासू माहेरी गेली असती तर ही गाथा झालीच नसती.

लावणीचा मामला याहून तिरका. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, लिहिणारे सगळे पुरुष. 'मी' मात्र बाईचा. गाणारी बाई आणि समोर फेटेवाले. त्या 'मी'ला नेमकं तेच हवं असतं, जे फेटेवाल्यांना तिला हवंसं वाटावं असं वाटतं; हा आक्षेप मला अगदीच मान्य आहे. फक्त गाणारीला हिशोबात धरायचं विसरू नये. ती एका शब्दावर रेंगाळते, दुसऱ्यावर भुवई उचलते, आणि बघता बघता शाहिराची ओळ तिच्या मालकीची होते.

गडकरी रंगायतनला एकदा खास महिलांसाठी लावणीचा प्रयोग होता. शिट्ट्यासुद्धा बायकांच्याच. समोर फेटा नव्हता, तर 'राया' म्हणजे कोणी रसिकराज न राहता थिएटरभर बसलेल्या बायकांचा सामाईक थट्टेचा विषय झाला. जुन्या लावण्यांत मध्येच एक हल्लीच लिहिलेली घुसवली होती. तिच्यात चोळीच्या गाठीचं लांबलचक वर्णन, आणि ती गाठ सोडायला सख्या पाठीमागून येतो.

शेजारच्या काकूंनी मानच वळवली. "ही पुरुषाने लिहिलीय गं."

"कशावरून?"

"अगं, चोळीची गाठ पुढे असते."