चार बोटं

गाणं दुसऱ्यांदा लावलं आणि ध्रुवपदाची दुसरी ओळ संपता संपता त्यांनी डावा हात वर केला. अंगठा आत मुडपलेला, चार बोटं ताठ. खोलीत आम्ही आणखी तिघं होतो आणि एकालाही त्याचा अर्थ कळला नाही. त्यांचं म्हणणं समजून घेणं हे तर माझंच काम होतं.

मी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, कंट्री म्युझिकसाठी ओळखल्या जाणाऱ्या नॅशव्हिलमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. शिक्षण मुंबईत नायर हॉस्पिटलच्या कॉलेजात झालं, आणि गेली बरीच वर्षं इथल्या एका पुनर्वसन केंद्रात काम करते आहे. माझे बहुतेक पेशंट स्ट्रोकनंतर वाचा गेलेले असतात. आपण याला वाचाघात म्हणतो. घसा ठीक, जीभ ठीक, बुद्धीही बरीचशी शाबूत, पण डोक्यातला विचार शब्दापर्यंत पोचत नाही. या शहरात हा आजार वेगळ्याच घरांत शिरतो, कारण इथे हजारो लोक गाणी लिहून पोट भरतात.

हे गृहस्थ त्यांतलेच एक. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. सत्तरच्या दशकात डोंगराकडच्या गावातून गिटार घेऊन आले आणि इथलेच झाले. स्वतः कधी मोठे गायक झाले नाहीत. त्यांची दोन-तीन गाणी दुसऱ्यांनी गायली, ती रेडिओवर चालली आणि त्यावर घर उभं राहिलं. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाही. म्हणून इथे नाव नसलेला माणूसही नुसत्या लेखणीवर चाळीस वर्षं काढू शकतो. सकाळी अकराच्या सुमाराला दोघं-तिघं एका छोट्या खोलीत गिटार घेऊन बसतात, संध्याकाळपर्यंत एखादं गाणं उभं राहतं, तेवढ्यात कुणीतरी फोनवर ते कच्चं रेकॉर्ड करून ठेवतं. त्याला इथे ‘वर्क टेप’ म्हणतात. हे त्यांचं रोजचं ऑफिस. स्ट्रोक झाला त्याच्या आदल्या दिवशीही ते अशाच खोलीत होते.

माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्यापाशी दोनच शब्द उरले होते, ‘वेल’ आणि ‘यस’. प्रत्येक प्रश्नाला ‘यस’. पाणी हवंय का, यस. पाणी नकोय का, यस. उजवा हात मांडीवर पडून. आणि तरीही गिटारवर कुणी त्यांचं जुनं गाणं वाजवलं की पहिल्या कडव्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ शब्दांत गायचे.

हे पाहून घरचे रडतात, आणि का रडतात ते मला कळतं. त्यांच्या मुलीने व्हिडिओ काढला, लोकांनी लिहिलं की ते परत आले. पण मला हे दृश्य नवं नव्हतं. नायरच्या वॉर्डात एक आजोबा अख्खी आरती म्हणायचे, पण तांब्याकडे बोट दाखवून पाणी मागायला त्यांना शब्द सापडत नसे. पाठ झालेलं गाणं मेंदूत निराळ्या वाटेने येतं आणि मनातलं बोलणं निराळ्या. गाणं आलं म्हणजे बोलणं आलं असं नाही. हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या तरी मुलीला सांगते आणि प्रत्येक वेळी ती माझ्याकडे, मी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं बघते.

गाण्याचा उपयोग मात्र करून घेता येतो. १९७३ साली बॉस्टनमधल्या तज्ज्ञांनी त्यावर एक पद्धत मांडली. छोटं वाक्य दोनच सुरांत, वर-खाली, गुणगुणत म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हाताने टेबलावर थाप द्यायची. हळूहळू सूर काढून घ्यायचा आणि शब्द तेवढा ठेवायचा. आम्ही पाच आठवडे एका वाक्यावर काढले, ‘मला कॉफी हवी’. सहाव्या आठवड्यात त्यांनी ते घरी स्वयंपाकघरात म्हटलं. मी ते मोठ्या अभिमानाने रिपोर्टमध्ये लिहिलं. विमा कंपनीने प्रगती मंद आहे असा शेरा मारून व्हिजिट कमी केल्या. ज्या माणसाने आयुष्यभर शब्द विकले त्याने तीन शब्द परत मिळवणं म्हणजे काय, हे मोजायला त्यांच्या फॉर्मवर रकाना नाही आणि तो असावा असं त्यांना वाटतही नाही.

तर तो दिवस. मुलीने आधी फोनवर सांगितलं होतं. वडिलांचं एक अर्धवट गाणं होतं, वर्क टेपवर राहिलेलं. जुन्या मित्राने ते पुरं केलं, वादक बोलावले, एका तरुण गायकाकडून गाऊन घेतलं आणि मग एआय लावून त्या गळ्यावर वडिलांचा आवाज बसवला. आवाज शिकवायला त्यांची जुनी रेकॉर्डिंग वापरली. आता गाण्यांचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिला गाणं बाजारात आणायचं होतं आणि तिच्या वकिलांना कागद हवा होता. या गृहस्थांना सगळं समजलंय आणि ते राजी आहेत, असं थेरपिस्टने लिहून द्यावं.

“रँडी ट्रॅव्हिसचं केलंच की,” मुलगी म्हणाली.

नॅशव्हिलमधल्या प्रत्येक वाचाघाताच्या घरात या कंट्री गायकाचं नाव निघतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या मार्शव्हिलचा हा मुलगा इथे एका क्लबच्या स्वयंपाकघरात काम करत करत तिथेच गायचा. फारच गावरान म्हणून रेकॉर्ड कंपन्यांनी त्याला परत पाठवलं होतं. १९८५ साली त्याचं एक गाणं कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ६७ व्या नंबरावर अडकलं, तेच पुढच्या वर्षी पुन्हा काढलं तर पहिल्या नंबरावर गेलं. लोक त्याला खोल आवाजाचा गायक म्हणून ओळखतात, पण १९८८ मध्ये पहिल्या नंबरावर गेलेलं एक गाणं त्याने स्वतः लिहिलं होतं आणि एकवीस वर्षांनी एका तरुण गायिकेबरोबर पुन्हा गायलं. जुलै २०१३ मध्ये हृदयाचा आजार झाला, त्यातच स्ट्रोक, आणि वाचा गेली. २०१६ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला तेव्हा तो उभा राहून ‘अमेझिंग ग्रेस’ गायला. त्या दिवसानंतर आमच्याकडे कितीतरी कुटुंबं तो व्हिडिओ घेऊन आली. मे २०२४ मध्ये त्याचं नवं गाणं निघालं. जेम्स डुप्रे या गायकाने ते गायलं आणि ट्रॅव्हिसच्या ४२ जुन्या रेकॉर्डिंगवर शिकवलेल्या एआयने त्यावर त्याचा आवाज चढवला. त्याच्या सुरुवातीच्या अल्बमपासूनचे निर्माते काइल लेनिंग यांनीच ते केलं, ट्रॅव्हिसची पत्नी सोबत होती, तो स्वतः ऐकायला हजर होता.

टेनेसी राज्याने त्याच साली ‘एल्व्हिस अ‍ॅक्ट’ केला. १ जुलै २०२४ पासून इथे माणसाचा आवाज त्याच्या परवानगीशिवाय यंत्राने उठवता येत नाही. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण माझ्यासमोर बसलेला माणूस प्रत्येक प्रश्नाला ‘यस’ म्हणत होता.

कायद्याने निर्णयक्षमता ठरवणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं आणि कोर्टाचं. माझं काम एवढंच, की माणसाच्या मनात उत्तर असेल तर ते बाहेर यायला वाट करून द्यायची. ही वाट बांधणं हे आमच्या धंद्यातलं सर्वांत किचकट काम आहे आणि ते नीट करणारे फार थोडे आहेत. प्रश्न सरळ विचारायचा, मग उलटा. आवाजात कल येऊ द्यायचा नाही, भुवया हलू द्यायच्या नाहीत. बरोबर-चूक अशी दोन कार्डं समोर ठेवायची आणि दर प्रश्नाला जागा बदलायच्या, नाहीतर पेशंट नुसता ज्या बाजूला हात सहज जातो तिकडचं कार्ड उचलतो. मुख्य शब्द जाड अक्षरांत लिहायचा. चित्रं ठेवायची. घरच्यांना शक्यतो बाहेर बसवायचं. आणि हेच सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं. माझ्याकडे पंचेचाळीस मिनिटं होती. मुलगी आणि कंपनीचा तरुण, दोघंही उठायला तयार नव्हते आणि मी पुरेसा आग्रह धरला नाही.

गाणं पहिल्यांदा लावलं. लॅपटॉपमधून त्यांचा तिशीतला आवाज आला आणि ते ढसाढसा रडायला लागले. मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. कंपनीचा तरुण हळूच म्हणाला, “हेच उत्तर नाही का?” मी नाही म्हटलं. स्ट्रोकनंतर रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटतो. हे गृहस्थ जाहिरात बघूनही रडतात. रडणं होकारही नव्हे, नकारही नव्हे. त्या तरुणाला ते पटलं नाही, त्याने घड्याळाकडे पाहिलं.

मी प्रश्न सुरू केले. गाणं लोकांना ऐकवायचं? यस. घरातच ठेवायचं? यस. कार्डांवर तीनदा बरोबर, दोनदा चूक. असं उत्तर म्हणजे उत्तर नसतंच. म्हणून मी गाणं पुन्हा लावायला सांगितलं, आणि तेव्हा ती चार बोटं वर आली.

मला वाटलं त्यांना चार वेळा ऐकायचंय. मुलीला वाटलं चौथं कडवं. आम्ही थांबवून पुन्हा लावलं, त्याच जागी पुन्हा चार बोटं, या वेळी चिडून, हात हलवत. ‘वेल, वेल, वेल.’ शेवटी मुलीने वडिलांच्या मित्राला फोन लावला. मित्र क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, “तिथे मी पाच टाकलाय. त्याच्या टेपवर चार आहे.”

नॅशव्हिलचे वादक स्वरलिपी क्वचितच वाचतात. ते आकडे वाचतात. पन्नासच्या दशकाच्या शेवटी इथल्या एका गायकमंडळातल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत काढली. सप्तकातल्या ज्या सुरावर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, उभा आहे त्याचा क्रमांक लिहायचा, १, ४, ५. गायकाचा गळा बसला म्हणून पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. स्टुडिओत आवाज करता येत नाही, तेव्हा हेच आकडे बोटांनी दाखवतात. मित्राने सांगितल्यावर मला हे समजायला वेळ लागला नाही, मी लहानपणी भजनात पेटीवर बसायची. सा कुठूनही धरा, म म-च राहतो. ते म मागत होते आणि त्या लोकांनी प लावला होता.

मुलीच्या फोनमध्ये ती मूळ टेप होती. ती लावली. त्या जागी चार वाजला, आणि त्यांचा हात मांडीवरून उठला नाही. पुन्हा एआयवालं लावलं, हात वर. पुन्हा टेप, हात खाली. मी क्रम बदलला, त्यांच्या नकळत दोनदा टेपच लावली. एकदाही चुकले नाहीत. माझ्या कारकिर्दीत इतकं स्वच्छ, इतकं खात्रीचं उत्तर मला फार थोड्या पेशंटकडून मिळालंय. त्या वेळी मला इतका आनंद झाला की पुढचं मी घाईने केलं.

तीन कार्डं लिहिली. ‘दुरुस्त करा, लोकांना द्या.’ ‘दुरुस्त करा, घरी ठेवा.’ ‘नको.’ पहिल्या वेळी त्यांनी पहिलं उचललं. मी जागा बदलल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी तिन्ही कार्डं हाताने बाजूला सारली आणि माझ्याकडे बघत चार बोटं दाखवली. तेव्हा गाणं चालू नव्हतं. जागा पुन्हा बदलल्या. तिसऱ्या वेळी परत पहिलं.

मी जे घडलं ते तसंच लिहून दिलं. संगीताबद्दलची पसंती खात्रीने सांगतात, प्रकाशनाबद्दलचं उत्तर तीनपैकी दोनदा होकारार्थी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणं आवश्यक. दुसरा दिवस कधी आलाच नाही. मंजूर व्हिजिट संपल्या होत्या, कंपनीची तारीख ठरली होती, कायदेशीर अधिकारपत्र मुलीकडे होतं आणि तिने सही केली. तिचं वाईट नव्हतं. तिने पाच काढून चार टाकून घेतला, त्यासाठी पैसे पडले तेही तिनेच दिले. तीनपैकी दोन हा आकडा मात्र कंपनीच्या पत्रात ‘स्पष्ट संमती’ झाला, आणि ते मला फार उशिरा समजलं.

त्या मधल्या वेळी चार बोटं म्हणजे काय, यावर माझं अजून ठरत नाही. माझी एक सहकारी, माझ्यापेक्षा अनुभवी, म्हणाली की हे नुसतं चिकटलेलं उत्तर आहे. वाचाघातात असं होतं, एक प्रतिसाद सापडला की मेंदू तोच पुढच्या प्रश्नालाही देत राहतो. तिचं शास्त्र बरोबर आहे. पण चिकटलेलं उत्तर देताना माणूस कार्डं बाजूला सारतो का? कधी वाटतं ते म्हणत होते, विकायचं-ठेवायचं नंतर, आधी सूर नीट करा. ज्याने जन्मभर तेच केलं त्याला माझा प्रश्नच गैरलागू वाटला असेल. आणि कधी रात्री वाटतं की दुरुस्तीशिवाय त्यांना काहीच नको होतं. ते गाणं पुरं करत होते आणि आम्ही त्यांच्याकडून परवाना मागत होतो.

आता ते दर मंगळवारी एका चर्चच्या हॉलमधल्या आमच्या गटात येतात. तो फुकट आहे, विम्याला विचारावं लागत नाही. कॉफीशिवाय आणखी अकरा वाक्यं आली आहेत. ‘नको’ हा शब्द गेल्या महिन्यात आला, उलट्या प्रश्नांवर तपासला, पक्का आहे. तेव्हापासून ती तीन कार्डं पुन्हा मांडावीत असं माझ्या मनात आहे. मुलीला विचारलं तर म्हणाली, “आता कशाला? गाणं तर निघालं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “विचार.” पुढच्या मंगळवारी विचारणार आहे. ‘नको’ आलं तर ते कुणाकडे घेऊन जायचं, हे आम्हां दोघींनाही माहीत नाही.