घशामागची गाठ आणि खर्रा

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत घशात मागे गाठ लागते असे कोणी सांगितले, की एक जण गुळण्या करायला सांगतो आणि दुसरा थेट कॅन्सरचे नाव घेऊन घाबरवतो. या दोन्ही सल्ल्यांच्या मधे पुष्कळ कारणे असतात आणि त्यांतली बहुतेक साधी असतात.

आरशासमोर बॅटरी धरून पाहणाऱ्याला जिभेच्या मुळाशी फुगवट्यांची रांग दिसते. हे आठ ते बारा फुगवटे चवीचे असून प्रत्येकाच्या जिभेवर जन्मापासून असतात. घशाच्या मागच्या भिंतीवरचे लालसर दाणे मात्र लांबलेल्या सर्दीने किंवा थ्रेशरच्या धुळीने वाढतात. टॉन्सिलच्या खाचांत साचून घट्ट झालेले पांढरे, दुर्गंधीयुक्त खडेही गाठीसारखे बोचतात. कित्येकांना तर गाठ नसतानाच गोळा अडकल्यासारखे वाटते. थुंकी गिळताना तो जाणवतो, पण भाकर विनात्रास उतरते. याचे मूळ अनेकदा आम्लपित्तात किंवा मनावरच्या ताणात असते, आणि पीक हातचे गेलेल्या घरात ताण कमी नसतो, म्हणून अशा माणसाला ‘तुला काहीच नाही’ म्हणून वाटेला लावणे मला चुकीचे वाटते.

एका बाजूला तीव्र दुखणे, ताप, आवाज घोगरा होणे आणि तोंड न उघडणे ही टॉन्सिलजवळ पू झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास अडकत असेल किंवा थुंकीही गिळता येत नसेल, तर क्षणाचाही उशीर नको.

मला खरी काळजी वाटते ती न दुखणाऱ्या गाठीची. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आपल्याकडे पुरुषच नव्हे, निंदणाला जाणाऱ्या बायाही खातात. तंबाखू तर घातक आहेच, परंतु नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये जाहीर केले आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच माणूस पेरणी, मग कापूस वेचणी आटोपेपर्यंत थांबतो. एकच टॉन्सिल मोठा दिसणे, कान चांगला असूनही त्याच बाजूचा कान ठणकणे, आवाज बदलणे, घास अडकणे, थुंकीत रक्त येणे, मानेत गाठ लागणे, यांपैकी काहीही तीन आठवड्यांहून अधिक राहिले तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी आणि त्यांनी सांगितल्यास गाठीचा छोटा तुकडा काढून (बायोप्सी) तोही तपासावा. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती निराधार आहे.

ही सोय यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला मिळते. डॉक्टरांना खर्रा किती वर्षांपासून खातो ते न लपवता सांगावे, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, म्हणून रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे.