दोन आर, एक एच

सातवीत असताना मी चार दिवस शाळेत आलो नव्हतो. रजेचा अर्ज इंग्रजीत द्यायचा होता आणि कारण होतं जुलाब. त्याचं स्पेलिंग तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं, शेवटी ‘ताप’ असं खोटंच लिहून अर्ज बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी खाडाखोड उजेडात धरून पाहिली. मधल्या सुट्टीत मला थांबवलं आणि फळ्यावर ‘डायरिया’ लिहिला : डी, आय, ए, मग दोन आर, एच, ओ, ई, ए.

“पाठ करू नकोस, फोड करून बघ,” त्या म्हणाल्या. ‘दिआ’ म्हणजे आरपार. पुढे ग्रीक ‘ऱ्हेइन’, म्हणजे वाहणं. शब्दाच्या सुरुवातीचा र ग्रीक लोक हकार मिसळून उच्चारत, आपल्या ‘ऱ्हास’मधल्यासारखा, म्हणून रोमन लिपीत त्याला एच जोडला गेला. असा शब्द समासात दुसऱ्या जागी गेला की र दुप्पट होतो. अमेरिकेत त्यातला ओ गाळतात, तेही बरोबरच. मूळव्याधीच्या ‘हेमरॉइड्स’मध्येही हेच दोन आर आणि एच येतात, कारण ‘हाइमा’ म्हणजे रक्त आणि पुढे तेच वाहणं. त्या दिवसापासून हे दोन्ही शब्द माझे कधीच चुकले नाहीत.

मग बाई मराठीकडे वळल्या. अतिसारातला ‘सार’ सृ धातूचा, सरिता ज्यातून आली तो. म्हणजे मर्यादेबाहेर सरणं. आणि जुलाब? त्यात चक्क गुलाब आहे! फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल, ‘आब’ म्हणजे पाणी. अरबीत ग चा ज झाला, गुलाबपाण्याचं नाव औषधी सरबताला मिळालं, पुढे रेचकाला चिकटलं आणि मराठीत ते थेट त्रासाचंच नाव झालं. ज्या शब्दाची मला वर्गात लाज वाटत होती, त्याच्यात गुलाबपाणी निघालं. अर्ज मी पुन्हा लिहिला, खऱ्या कारणासह.

पुढे मी मुद्रितशोधनाच्या कामात पडलो. वैद्यकीय पुस्तकांची प्रुफं वाचताना एक चूक सतत भेटते : ‘रक्तस्त्राव’. स्त्री या शब्दात त आहे, स्रावात नाही. धातू स्रु, त्यावरूनच स्रोत आणि स्रवणं. एकदा खात्री करायला व्युत्पत्तिकोश उघडला आणि फळ्यावरचा तो शब्दच समोर आला. ग्रीक ‘ऱ्हेइन’ आणि संस्कृत ‘स्रु’ एकाच मुळाचे! ग्रीकमध्ये र आधीचा स टिकला नाही. शब्दारंभी त्याचा नुसता हकार उरला, शब्दाच्या मध्ये तो र मध्येच मिसळून र दुहेरी झाला. बाईंनी शिकवलेला एच आणि जास्तीचा आर, दोन्हीकडे आपल्या स्रावातला स आहे. इंग्रजी ‘स्ट्रीम’ही त्याच मुळाचा, तिथे मात्र स आणि र यांच्यामध्ये त खरोखरच शिरला आणि कायमचा राहिला. म्हणजे आपली जीभ ‘स्त्राव’कडे घसरते त्याला जुनी सोबत आहे. तरीही मराठीत तो त मी राहू देत नाही. प्रुफाच्या समासात लिहितो : ‘त काढा, धातू स्रु’.