उन्हाचे कौतुक इंग्रजीत करताना

लंडन साधारण साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनमध्ये तो सोळा तासांच्या पुढे जातो. त्यामुळे ऊन पडणे ही तिथे बातमी असते आणि ब्रिटिश माणसाच्या उन्हाविषयीच्या बोलण्यात आनंदाबरोबर थोडी घाईही असते. ‘मेक द मोस्ट ऑफ द सनशाइन’ किंवा ‘एन्जॉय इट व्हाइल इट लास्ट्स’ असे तो म्हणतो, तेव्हा उद्या ढग येणार हे त्याने गृहीत धरलेले असते. वैशाखातल्या नागपुरात हेच वाक्य कोणी म्हटले, तर ती थट्टाच समजावी लागेल.

आपण हिवाळ्यात सकाळी अंगणात ऊन खात बसतो, त्याला सर्वांत जवळचा प्रयोग मला ‘सोकिंग अप द सन’ हा वाटतो. बागेत चहा घेत बसलेल्या आजीलाही तो शोभतो. ‘बास्किंग इन द सन’ मध्ये अधिक सुस्ती आहे. खडकावरची पाल, सील किंवा खिडकीतले मांजर यांच्याबद्दल तो हमखास वापरतात आणि माणसाबद्दल वापरला की किंचित लेखी वाटतो. ‘सनबेदिंग’ मात्र मुद्दाम अंग उघडे टाकून पडून राहण्याला म्हणतात. आपल्याकडचे ‘टेकिंग सनबाथ’ ऐकणाऱ्याला कळते, पण आजीच्या बाबतीत त्याच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहते.

‘सिटिंग अंडर द सन’ पेक्षा ‘इन द सन’ बरे, कारण ‘अंडर द सन’ चा रूढ अर्थ ‘जगाच्या पाठीवर’ असा होतो. आजच्या हवेला ‘क्लायमेट’ म्हणू नये. तो शब्द वर्षानुवर्षांच्या सरासरी हवामानाचा आहे. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ मध्ये सूर्य असला, तरी ती म्हण संधी साधण्याविषयी आहे, उन्हात रमण्याविषयी नाही.

बोलताना बहुतेक वेळा ‘लव्हली डे, इझन्ट इट?’ एवढे पुरते. दुकानदार ‘नाइस डे फॉर इट’ म्हणाला, तर ‘इट’ म्हणजे काय हे विचारू नये. ते लग्न असेल, कपडे वाळत घालणे असेल किंवा काहीच नसेल. त्यावर ‘मेक्स अ चेंज’ म्हणावे, म्हणजे नेहमीच्या पावसाविषयीची तक्रारही त्यातच उरकते.