जामीन झाल्यानंतरचे ८३ दिवस

माझ्या मुलाला जामीन झाला तो गुरुवार होता. वकिलांचा फोन आला, "ताई, झालं काम." मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. पळी पातेल्यात टाकून बाहेर आले आणि आधी त्याच्या बहिणीला कळवलं. संध्याकाळपर्यंत पोरगा घरी येईल असं मला वाटलं होतं. तो आला ८३ दिवसांनी.

आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. चोरीचे मोबाइल घेतल्याच्या प्रकरणात दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांनी त्याला नेलं. त्याने काय केलं, काय नाही, ते कोर्ट ठरवेल. खटला चालू आहे, त्यावर मी बोलणार नाही. कोर्टाने सोडा म्हटल्यावरही तो आत का राहिला, तेवढंच सांगते.

आदेशात २५,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे तारखेला हजर राहीन अशी स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार, असं होतं. जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर घर किंवा शेती आहे असा माणूस. सातबारा नाहीतर घरटॅक्सची पावती, आधार कार्ड, फोटो, वरून ऐपतीचा दाखला. आमच्या नात्यात असा एकच, माझा भाऊ. त्याची धानाची शेती भंडारा जिल्ह्यात. दाखल्यासाठी त्याने चार चकरा मारल्या, ऐन कापणीत दोन दिवस मोडून कोर्टात आला. तिथे कागद उलटेपालटे करून सांगितलं, "जमीन बाहेरच्या जिल्ह्यातली आहे, इथला माणूस आणा." त्या जिल्ह्यात आमचं कुत्रंही ओळखीचं नाही. आवारातच एकजण मागे लागला, पैसे द्या, जामीनदार मी उभा करतो. वकिलांनी बजावलं, त्या भानगडीत पडू नका. भाऊ बसमध्ये नागपूरपर्यंत एक शब्द बोलला नाही.

दर आठवड्याला तुरुंगात त्याला भेटायला मी गणेशपेठहून पहिली एसटी धरायची. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तरी जमलं. खिडकीवर नाव लिहायचं, आधार दाखवायचं आणि बसायचं. नंबर कधी अकराला लागे, कधी दोनला. मग काच, आणि काचेच्या दोन्ही बाजूंना फोन. आमच्या बाजूच्या फोनची वायर सैल होती. ती बोटाने दाबून धरली तरच आवाज यायचा.

"माय, जामीन झाला ना?"

"झाला ना बेटा."

"मंग?"

ह्या "मंग"वर मी काय सांगणार होते? मी त्याचे हात पाहत बसायची. सोल्डरिंगने भाजलेला अंगठा तसाच होता, पण बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली होती, लाल, खाजवून फुटलेली. रात्री एका कुशीवरच झोपावं लागतं म्हणाला, पालटायला जागा नसते. सरकारचीच आकडेवारी आहे, २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत १०० जणांच्या जागेत १३१ जण होते. त्यातले चारात तीन न्यायबंदी, म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा सिद्धच झालेला नाही असे. ही माणसं कमी करायची तर ज्यांना जामीन झालाय त्यांच्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

अडीच महिने असेच गेले. मग नागपूरच्या जिल्हा कोर्टात विधी सेवेचं, म्हणजे सरकारी मोफत कायदे मदतीचं, काम करणाऱ्या एका ताईंची गाठ पडली. त्यांनी ह्या मदतीचा १५१०० हा फोन नंबर दिला आणि तासभर बसून समजावलं. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय की जामीन झाल्याची तारीख तुरुंगाच्या कॉम्प्युटरमध्ये भरायची, सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अटी सैल करायचा विचार करायचा. स्थानिकच जामीनदार हवा ह्या हट्टाने सुटका लांबते, हेही त्यात आहे. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची योजनाही २०२३ पासून आहे, सुरू झाली तेव्हा न्यायबंद्याला ४०,००० रुपयांपर्यंत होती.

मी ऐकत होते आणि अंगाची लाही होत होती. सात दिवस म्हणे! त्या खिडकीवर मी दहा वेळा उभी राहिले. आतल्या एकाही माणसाने म्हटलं नाही की बाई, तुमच्या मुलाचा जामीन झालाय, मग तो इथे कसा?

त्याच ताईंनी १९७८ ची एक केस सांगितली. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची. त्याला १०,००० चा जामीनदार मागितला होता आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवून त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. माझं लग्नही झालं नव्हतं तेव्हाचा हा निकाल, आणि माझा भाऊ त्याच कारणाने परत आला.

विधी सेवेतून मिळालेल्या वकिलांनी अट बदलण्याचा अर्ज केला. पाचव्या दिवशी आदेश झाला, जातमुचलका आणि १०,००० रुपये रोख. पैसे बचत गटातून काढले. कागद तुरुंगाच्या दारात पोचला तेव्हा जामीनपेटी, म्हणजे सुटकेचे आदेश टाकायची दारावरची पेटी, त्या दिवसापुरती उघडून झाली होती, म्हणून आणखी एक रात्र. मी आणि मुलगी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून होतो, टपरीवाल्या काकूंनी रात्री त्यांच्या घरी नेलं.

मला मोठमोठं काही मागायचं नाही. तुरुंगाच्या मुलाकतीच्या खिडकीवर एक फळा लावा, ज्यांना जामीन होऊनही सात दिवसांत सुटता आलं नाही त्यांचे कैदी नंबर त्यावर लिहा, आणि १५१०० हा आकडा आईबापांना वाचता येईल एवढा मोठा लिहा. वकील देताना पहिल्याच भेटीत विचारा, घर स्वतःचं आहे की भाड्याचं. जामीनदार मिळेल की नाही ते तिथेच कळतं.

माझ्या मुलाच्या बरॅकमध्ये एक एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. वीटभट्टीवरच्या मजुराचा, बाप वारलेला, आई परराज्यात. त्याला जामीन होऊन चार महिने झाले. मुलाने घरी आल्यावर पहिल्या रात्री जेवतानाच मला त्याचं नाव लिहून घ्यायला लावलं. मी ते ताईंना दिलंय. सोमवारी फोन केला होता, अर्ज अजून सुनावणीला आलेला नाही. उद्या परत करते.